चार अंडी खाऊनही वजन का वाढत नाही?

पहाटे साडेपाचला तालुक्याच्या कुठल्याही मैदानावर गेलात, तर पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं धावताना दिसतील. भरतीचे निकष त्यांना तोंडपाठ असतात. मुलांसाठी उंची किमान १६५ सेंटीमीटर, छाती न फुगवता ७९ आणि फुगवल्यावर ५ सेंटीमीटरने जास्त. त्यानंतर १६०० मीटर धावणं, १०० मीटर धावणं आणि गोळाफेक. सव्वासात किलोचा तो गोळा नुसत्या जिद्दीने लांब जात नाही, त्यामागे अंगात वजन आणि ताकद लागते. म्हणून मैदानावरून परतताना मुलगा अर्धा डझन अंडी घेतो, खोलीवर इलेक्ट्रिक किटलीत उकडतो आणि रोज चार खातो. दोन महिन्यांनी काट्यावर उभा राहतो, तर काटा ५५ किलोवर जिथे होता तिथेच.

मग कुणी सांगतं, अंडी कच्ची खा. कुणी म्हणतं, पिवळा बलक टाकून दे. कुणी म्हणतं, गावरानच हवी, आणि कुणी तीन हजारांचा पावडरचा डबा घ्यायला लावतं. यातल्या बहुतेक सल्ल्यांत मूळ प्रश्नाचं उत्तर नाही. ते उत्तर साध्या हिशोबात आहे आणि तो हिशोब वहीच्या एका पानावर मावतो.

कवच काढल्यावर ५० ग्रॅम भरणारं एक अंडं घ्या. त्यात साधारण सव्वासहा ग्रॅम प्रथिनं असतात, म्हणजे ज्यांना आपण सगळे प्रोटीन म्हणतो ती. सुमारे ५ ग्रॅम चरबी असते, पिष्ट जवळजवळ नसतंच, आणि ऊर्जा भरते ७० ते ७५ कॅलरी. लोक प्रोटीनचा आकडा बघून खूश होतात, पण वजनाच्या प्रश्नात कॅलरीचा आकडा आधी बघायला हवा. ६० ग्रॅम पिठाची ज्वारीची एक भाकरी २०० कॅलरीच्या आसपास देते. म्हणजे तीन अंड्यांची ऊर्जा एका भाकरीएवढी.

आता आपल्या धावणाऱ्या मुलाकडे वळू. धावताना माणूस ढोबळमानाने वजनाच्या दर किलोमागे, दर किलोमीटरला एक कॅलरी जाळतो. ५५ किलोचा मुलगा ४ किलोमीटर धावला, की २२० कॅलरी गेल्या. तीन अंडी सकाळच्या त्या चार किलोमीटरमध्येच संपली. उरलं एक.

शिवाय अंडं पोटाला धरून राहतं. प्रथिनं आणि चरबी जठरातून सावकाश पुढे सरकतात, भूक लवकर लागत नाही. चार उकडलेली अंडी खाल्लेला मुलगा दुपारी मेसवर तीनऐवजी दोन चपात्यांवर उठतो, आणि ते त्याच्या लक्षातही येत नाही. ज्याला वजन कमी करायचं आहे त्याला अंडं उपयोगी पडतं ते याच गुणामुळे. वजन वाढवू पाहणाऱ्याला मात्र तोच गुण आडवा येतो.

सागवान चुलीत

ऊर्जा कमी पडली तर प्रथिनांचं काय होतं, हे नीट समजून घेण्यासारखं आहे. शरीर चरबी साठवून ठेवू शकतं. पिष्टाची साखर यकृतात आणि स्नायूंत थोडीफार साठते. प्रथिनांचं असं वेगळं कोठार नाही. जेवणातून आलेली प्रथिनं पचून अमिनो आम्लं होतात, रक्तात फिरतात, आणि जिथे गरज असेल तिथे वापरली जातात. घरात सरपण नसेल तर शरीर तीच अमिनो आम्लं ऊर्जेसाठी जाळायला घेतं. दरवाजा करायला म्हणून सागवान आणावं आणि सरपण नाही म्हणून तेच चुलीत घालावं, तसं हे आहे. स्वयंपाक होतो, पण दरवाजा होत नाही.

अंडी खाणाऱ्या सडपातळ मुलाचं वजन हलत नाही, त्याचं मुख्य कारण हे. त्याला अंडी कमी पडत नाहीत, भाकरी, भात, तेल, शेंगदाणे, दूध कमी पडतं. स्नायूला लागणारं सामान अंड्यातून येतं आणि ते सामान चुलीत जाऊ नये म्हणून बाकीचं जेवण लागतं. वजन वाढवायचं तर रोजच्या खर्चापेक्षा साधारण ३०० ते ५०० कॅलरी जास्त पोटात गेल्या पाहिजेत आणि ते रोज व्हायला हवं. रविवारी दाबून खाल्लं आणि सोमवार ते शनिवार अर्धपोटी राहिलं, तर आठवड्याचा हिशोब पुन्हा शून्यावर येतो.

स्नायू वाढतो म्हणजे काय होतं

दोरखंडाला जसे पेड असतात आणि प्रत्येक पेडात बारीक धागे, तशी स्नायूची बांधणी असते. सगळ्यांत बारीक धागे दोन प्रथिनांचे, ॲक्टिन आणि मायोसिन. हे एकमेकांवरून सरकतात तेव्हा स्नायू आखडतो आणि हात वजन उचलतो. हे धागे कायमचे नसतात. शरीर रोज काही मोडतं आणि काही नवे बनवतं. मोडणं आणि बनवणं सारखं असेल तर स्नायू आहे तेवढाच राहतो. बनवणं जास्त झालं तर वाढतो.

बनवण्याचा हुकूम अंडं देत नाही, तो ताण देतो. सवयीपेक्षा जड काम पडलं, जोर मारले, बैठका काढल्या, वजन उचललं, की स्नायूच्या पेशीत संदेश जातो आणि प्रथिनं बनवण्याचा वेग वाढतो. तो वेग पुढे निदान चोवीस तास, नवख्या माणसात आणखी काही काळ चढलेला राहतो. याच काळात रक्तात अमिनो आम्लं हजर असली, की ती कामी येतात. म्हणून व्यायाम न करता नुसती अंडी वाढवली तर दंड भरत नाहीत. गरजेपेक्षा जास्त कॅलरी गेल्या असतील तर पोट तेवढं वाढतं.

भरतीच्या मुलांची एक चूक इथे सांगायलाच हवी. ती सगळी मेहनत धावण्यावर घालतात, कारण धावण्याला गुण जास्त. पण रोज लांब धावून छाती भरत नाही. छातीचे आणि पाठीचे स्नायू जोर, पुलअप्स आणि वजन उचलण्याने वाढतात. आठवड्यातले तीन दिवस त्यासाठी ठेवले आणि दर आठवड्याला काहीतरी वाढवलं, दोन जोर जास्त किंवा अर्धा किलो जास्त, तरच स्नायूला मोठं होण्याचं कारण मिळतं. आपल्या तालमींत वस्ताद नवख्या पोराला पहिल्या दिवशी हजार बैठका सांगत नाही, हळूहळू चढवत नेतो. व्यायामशास्त्रातही नेमकं हेच शिकवतात.

मग अंड्याचंच एवढं कौतुक का? कारण त्यातल्या प्रथिनांचा दर्जा. आपल्या शरीराला लागणाऱ्या वीस अमिनो आम्लांपैकी नऊ शरीर स्वतः बनवू शकत नाही, ती जेवणातूनच यावी लागतात. अंड्यात ही नऊही भरपूर आणि शरीराला हव्या त्याच प्रमाणात आहेत. त्यातलं ल्युसीन नावाचं अमिनो आम्ल विशेष आहे. ते नुसतं सामान म्हणून येत नाही, बांधकाम सुरू करा असा इशाराही पेशीला देतं. एका अंड्यात ते अर्धा ग्रॅमच्या आसपास असतं.

आणि मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते ती गोष्ट अशी, की अंडं भाकरीला मदत करतं. ज्वारी, गहू, तांदूळ यांतल्या प्रथिनांत लायसीन नावाचं अमिनो आम्ल कमी असतं, त्यामुळे त्यांतली बरीच प्रथिनं बांधकामाला अपुरी ठरतात. अंड्यात लायसीन मुबलक. अंड्याचा रस्सा आणि भाकरी एका ताटात आली, की भाकरीतली प्रथिनंही जास्त चांगली कामाला लागतात. भाकरी सोडून नुसत्या अंड्यांवर राहणारा मुलगा हा फायदाही घालवून बसतो.

किती लागतं

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांनी २०२० साली दिलेल्या शिफारशीनुसार निरोगी प्रौढाला वजनाच्या दर किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिनं पुरतात. हे रोजच्या साध्या जगण्यासाठी. स्नायू वाढवण्यासाठी वजनाचा व्यायाम करणाऱ्यांचं काय, यावर २०१८ साली ४९ अभ्यासांतल्या १८६३ जणांची आकडेवारी एकत्र करून पाहिली गेली. किलोमागे १.६ ग्रॅमपर्यंत फायदा वाढत जातो आणि त्यापुढे सरासरीत फारसा वाढत नाही, असं त्यातून दिसलं.

आपल्या ५५ किलोच्या मुलाला मग ८८ ग्रॅम. मेसचं जेवण मोजू. तीन चपात्या, पातळ वरण, भात आणि भाजी मिळून एका वेळी १८ ग्रॅमच्या जवळपास. दोन वेळचे ३६. सकाळचे पोहे आणि दोनदा चहा धरून आणखी ७-८. झाले ४४. म्हणजे गरजेच्या बरोबर निम्मे.

उरलेले ४४ कुठून आणायचे? चार अंड्यांतून २५. अर्ध्या लिटर दुधातून १६. मूठभर, म्हणजे ३० ग्रॅम शेंगदाण्यांतून ७. एकूण ४८. हिशोब जुळला, आणि त्याबरोबर ७०० च्या पुढे कॅलरीही आल्या. दूध म्हशीचं असेल तर आणखी जास्त. धावण्यात गेलेल्या २२० वजा केल्या तरी वाढीसाठी पुरेशा उरतात. अट एकच, मेसवरची तिसरी चपाती सुटता कामा नये.

यात दहा अंडी कुठेही लागली नाहीत, पावडरही लागली नाही. मेसचं जेवण अगदीच निकृष्ट असेल तर पाचवं अंडं घ्या, पण त्याआधी वरणाची दुसरी वाटी मागा. मोड आलेल्या मटकीची उसळ दिसली तर ती दोनदा घ्या.

सगळी अंडी एकदमच खायची का? कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात २००९ साली तरुणांना पायांच्या व्यायामानंतर अंड्याची प्रथिनं वेगवेगळ्या प्रमाणात देऊन पाहिली, ५ ग्रॅमपासून ४० ग्रॅमपर्यंत. स्नायू बनवण्याचा वेग २० ग्रॅमला जवळजवळ माथ्याला पोहोचला, ४० ला त्यात खास भर पडली नाही. म्हणून दिवसाच्या तीन-चार खाण्यांत प्रत्येकी वीस-पंचवीस ग्रॅम यावेत अशी वाटणी बरी. पोह्यांसोबत दोन अंडी, रात्रीच्या जेवणात दोन. दूध संध्याकाळी किंवा झोपताना. व्यायाम संपल्यावर अर्ध्या तासाच्या आत खाल्लं नाही तर सगळं वाया गेलं, ही भीती मात्र मनातून काढून टाका. वाढलेला वेग तासनतास टिकतो, घरी जाऊन अंघोळ करून जेवलात तरी चालतं.

कच्चं अंडं दुधात

कोल्हापूरकडच्या तालमींत दूध, तूप, बदामाची थंडाई हा पैलवानाचा खुराक. कच्चं अंडं दुधात फेटून एका घोटात संपवण्याची रीत घरोघरी ऐकायला मिळते. वडीलधारी माणसं प्रेमाने सांगतात, म्हणून कुणी उलट विचारत नाही. विचारायला हवं.

बेल्जियममधल्या संशोधकांनी १९९८ साली हे मोजलं. शिजवलेल्या अंड्यातली ९१ टक्के प्रथिनं लहान आतड्यात पचून शोषली गेली, कच्च्या अंड्यातली फक्त ५१ टक्के. म्हणजे कच्ची चार अंडी गिळली तर हाती लागतं ते शिजवलेल्या सव्वादोन अंड्यांएवढं. अंड्यातली प्रथिनं घट्ट गुंडाळलेली असतात. उष्णतेने ती उलगडतात आणि पाचक रसांना त्यांत शिरायला जागा मिळते. शिवाय कच्च्या पांढऱ्या बलकात पाचक रसाला अडवणारा एक घटक असतो, तो शिजल्यावर बराचसा निकामी होतो. पांढऱ्या बलकातलंच ॲव्हिडिन नावाचं प्रथिन बायोटिन हे जीवनसत्त्व धरून ठेवतं. खूप दिवस खूप कच्ची अंडी खाल्ली तर त्याची कमतरता होऊ शकते.

प्रामाणिकपणे हेही सांगायला हवं, की नेदरलँड्समध्ये २०२२ साली झालेल्या एका प्रयोगात व्यायामानंतर पाच कच्ची आणि पाच उकडलेली अंडी यांची तुलना केली, तेव्हा उकडलेल्यांनी रक्तातली अमिनो आम्लं जास्त वाढवली, पण पुढच्या काही तासांत स्नायू बनण्याच्या वेगात फरक दिसला नाही. तेव्हा कच्चं अंडं निरुपयोगी आहे असं मी म्हणणार नाही. ते शिजवलेल्यापेक्षा भारी मात्र कुठेच ठरलेलं नाही. आणि साल्मोनेला या जंतूची भीती आहेच. तो कवचावर असतो, क्वचित आतही असतो. भरतीच्या आठ दिवस आधी जुलाब आणि तापाने पोरगं आडवं झालं, तर दोन महिन्यांची मेहनत गेली. पांढरा आणि पिवळा दोन्ही बलक घट्ट होईपर्यंत अंडं शिजवा. दूध वेगळं प्या.

पिवळा बलक टाकू नका

जिममध्ये सहा अंडी सोलून सहाचे पिवळे बलक कचऱ्यात टाकणारी मुलं पाहिली, की मला खरंच वाईट वाटतं. अंड्यातली ४० टक्क्यांहून जास्त प्रथिनं त्या पिवळ्यात असतात. जीवनसत्त्व ड, जीवनसत्त्व अ, बी-१२ आणि मेंदूला व यकृताला लागणारं कोलीन, हे जवळजवळ सगळं तिथेच आहे. आणि वजन वाढवायला निघालेल्या मुलासाठी महत्त्वाचं म्हणजे अंड्याच्या ७०-७५ कॅलरींपैकी ५५ पिवळ्यात आहेत. पांढऱ्यात उरतात १७. वजन वाढवायचं म्हणून अंडी आणायची आणि त्यातली तीन-चतुर्थांश ऊर्जा फेकून द्यायची, याला काही अर्थ नाही.

अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१७ साली व्यायामानंतर काही तरुणांना एकदा तीन अख्खी अंडी दिली आणि दुसऱ्या वेळी त्यांनाच तेवढीच, १८ ग्रॅम, प्रथिनं फक्त पांढऱ्या बलकातून दिली. अख्ख्या अंड्यांनी स्नायू बनण्याचा वेग जास्त वाढवला. हा काही तासांचा प्रयोग होता, महिनोन्महिन्यांचा नाही, म्हणून पिवळं खाल्लं की दंड दुप्पट होतील असं कुणी समजू नये. पण पिवळं टाकल्याने स्नायूचा फायदा होतो, असं तर कुठूनच निघत नाही.

मग कोलेस्टेरॉल? एका अंड्यात ते १८५ मिलिग्रॅमच्या जवळपास असतं, सगळं पिवळ्यात. पूर्वी अमेरिकेच्या आहार मार्गदर्शिकेत दिवसाला ३०० मिलिग्रॅमची मर्यादा होती. २०१५ च्या आवृत्तीत तो आकडा काढला गेला. आपल्या रक्तातलं बरंचसं कोलेस्टेरॉल यकृत स्वतः बनवतं. जेवणातून जास्त आलं की बहुतेकांचं यकृत स्वतःचं उत्पादन कमी करतं. वनस्पती तूप, बेकरीचे पदार्थ, पुन्हापुन्हा तापवलेलं तेल हे हृदयाला अंड्यापेक्षा जास्त घातक आहे.

तरी बिनधास्त होऊ नका. काही माणसांचं रक्तातलं कोलेस्टेरॉल अंड्यांनी ठळकपणे वाढतं आणि ते तपासल्याशिवाय कळत नाही. निरोगी माणसाला रोज एक अख्खं अंडं ठीक, असं अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१९ साली म्हटलं आहे. आपण चाराची गोष्ट करतो आहोत. विशीतला, सडपातळ, रोज घाम गाळणारा मुलगा काही महिने चार अंडी खात असेल, तर दोन-तीन महिन्यांनी एकदा लिपिड प्रोफाइल ही रक्ततपासणी करून घ्यावी. घरात कुणाला कमी वयात हृदयविकार झाला असेल, मधुमेह असेल किंवा अहवालात एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, वाढलेलं दिसलं, तर डॉक्टरांशी बोलून अख्खी दोनच ठेवावीत आणि बाकीचा पांढरा बलक घ्यावा. मूत्रपिंडाचा आजार असणाऱ्याने प्रथिनं स्वतःच्या मनाने वाढवूच नयेत.

गावरान, तपकिरी, उष्ण

गावरान अंड्याची चव मलाही आवडते. पण ते आकाराने लहान असतं, बहुधा ४० ग्रॅमच्या आतबाहेर, त्यामुळे एका अंड्यामागे प्रथिनं कमी मिळतात आणि पैसे दुप्पट जातात. कवचाचा रंग कोंबडीच्या जातीवर ठरतो आणि पिवळ्याचा गडदपणा तिने काय खाल्लं त्यावर. मका किंवा हिरवा पाला जास्त मिळाला की बलक केशरी होतो. प्रथिनांचा दोन्हींशी संबंध नाही. आईने परसातल्या कोंबडीची पाठवली तर आनंदाने खा, पण मेसचे पैसे वाचवणाऱ्याने पोल्ट्रीची साधी पांढरी अंडी घ्यावीत.

अंडी उष्ण पडतात, उन्हाळ्यात खाऊ नयेत, असं घरी म्हणतात. प्रथिनं पचवायला शरीराला त्यातलीच २० ते ३० टक्के ऊर्जा खर्च करावी लागते, पिष्टाला ५ ते १० टक्के. भरपूर प्रथिनं खाल्ल्यावर थोडं गरम वाटणं त्यामुळे शक्य आहे. ते तात्पुरतं असतं. विदर्भातल्या मे महिन्यातही दोन अंडी चालतात, पाणी जास्त प्या आणि उकडलेली अंडी डब्यात दुपारभर ठेवू नका. एवढ्या उन्हात ती तासाभरात खाऊन टाकलेली बरी. जास्त वेळ उकडलेल्या अंड्याच्या पिवळ्याभोवती हिरवट कडं येतं, ते मात्र निरुपद्रवी आहे. पिवळ्यातलं लोह आणि पांढऱ्यातलं गंधक एकत्र आलं की तसं होतं.

उकडलेलं अंडं हाच एक मार्ग, असंही नाही. वजन वाढवायचं असेल तर मी उलटच सांगेन. दोन उकडलेल्या अंड्यांत दीडशेच्या आत कॅलरी. तीच दोन अंडी मोठा चमचाभर तेलात कांदा-टोमॅटो घालून भुर्जी करून दोन पावांबरोबर खाल्ली, तर ५०० च्या जवळ जातात. गोव्यात ऑम्लेटवर शाकुतीचा नारळ घातलेला मसालेदार रस्सा ओतून पावाबरोबर खातात, ते रस ऑम्लेटही याच हिशोबात बसतं, नारळामुळे तर अधिकच. गाडीवरच्या भुर्जीचं तेल कसं असतं हे पाहून घ्या, जमल्यास खोलीवर करा.

मुलींसाठी दोन शब्द. व्यायाम आणि अंडी यांनी शरीर पुरुषी होत नाही. त्यासाठी लागणारं टेस्टोस्टेरॉन हे हार्मोन तुमच्यात फार कमी असतं. ताकद मात्र वाढते, आणि मुलींच्या चार किलोच्या गोळ्याला ती लागतेच. हिमोग्लोबिन कमी असेल तर त्यासाठी अंड्यावर विसंबू नका. अंड्यात लोह थोडंच आणि जे आहे ते नीट शोषलं जात नाही. त्यासाठी डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्याच घ्या, आणि जेवणाला लागून चहा टाळा.

राहिले वार पाळणारे. सोमवार, गुरुवार, संकष्टी, वर श्रावण. बऱ्याच घरांत महिन्यातले निम्मे दिवस अंडं शिजत नाही, आणि मुलगा त्या दिवशी वरण-भातावर राहतो. सोयाबीनच्या वड्या ठेवा. ५० ग्रॅम कोरड्या वड्यांत २५ ग्रॅमच्या पुढे प्रथिनं आहेत, म्हणजे चार अंड्यांची बरोबरी. उपवासच असेल तर साबुदाण्यात प्रथिनं नावालाही नाहीत, खिचडीतलं दाण्याचं कूट वाढवा आणि सोबत दही किंवा दूध घ्या.

वजन रोज करू नका, जीव उगाच टांगणीला लागतो. आठवड्यातून एकदा, सकाळी, पोट साफ झाल्यावर, त्याच काट्यावर करा आणि वहीत लिहा. महिन्याला अर्धा ते एक किलो ही चांगली चाल. त्याहून वेगाने वाढलं तर त्यात चरबीचा वाटा जास्त. तीन-चार आठवडे काटा हललाच नाही, तर अंडी न वाढवता आधी एक भाकरी आणि एक मूठ शेंगदाणे वाढवा.

आणि एवढं सगळं करूनही वजन वाढत नसेल, किंवा उलट उतरत असेल, तर आहाराचे प्रयोग थांबवून तपासणी करा. मधुमेह, थायरॉईडचा विकार, आतड्याचे आजार अशी कारणं असू शकतात. वसतिगृहांत आणि दाटीच्या खोल्यांत राहणाऱ्या मुलांनी क्षयरोग विसरू नये. दोन आठवड्यांहून जास्त खोकला, संध्याकाळचा बारीक ताप, रात्री घाम, भूक मंदावणं यांतलं काहीही असेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. तिथे थुंकीची तपासणी आणि औषधं मोफत आहेत. उपचार चालू असेपर्यंत निक्षय पोषण योजनेतून आहारासाठी दरमहा १००० रुपये रुग्णाच्या बँक खात्यात जमा होतात. २०२४ च्या नोव्हेंबरपर्यंत ते ५०० होते. त्या हजारात महिन्याची अंडी येतात आणि थोडे शेंगदाणेही.